वयस्कर कुत्रा दत्तक घेताय? या चुका टाळा

पिल्लासाठी दहा घरे विचारणा करतात, परंतु सात-आठ वर्षांच्या, कोणीतरी सोडून दिलेल्या कुत्र्याकडे कोणी वळून पाहत नाही, ही स्थिती लातूर, उदगीर, नांदेड अशी सगळीकडे सारखीच आहे. त्यामुळे एखादे कुटुंब आपणहून असा कुत्रा न्यायला तयार झाले की आम्हां बेवारस कुत्र्यांची सोडवणूक करणाऱ्यांना आनंद होतो. मात्र पुढच्या पंधरा दिवसांत त्याच घरांतून जे फोन येतात, ते इतके सारखे असतात की फोन उचलण्याआधीच पलीकडचे वाक्य मला ठाऊक असते.

साखळी लवकर सोडणे

या चुकीवर सविस्तर लिहिते, कारण ती करणारी माणसे बहुधा सर्वांत प्रेमळ असतात. कुत्रा घरभर मागे मागे फिरतो, ताटाजवळ बसतो, हाकेला शेपूट हलवतो, तेव्हा तो आपला झाला असे त्यांना वाटते. वास्तविक नव्या घरात कुत्रा आरंभी दबून राहतो. पहिले तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे, असा एक ढोबळ हिशेब कुत्रे सांभाळणारी मंडळी सांगतात. ज्याने एक घर गमावले आहे अशा वयस्कर कुत्र्यासाठी मी तो हिशेब आणखी सैल धरते.

औसा तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींनी कारवान या देशी शिकारी जातीच्या मिश्रणाची एक कुत्री वेळ अमावस्येच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडून नेली. घरच्या मुलांनी तिचे नाव लगेच बदलून राणी ठेवले. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी, सगळे घर, पाहुणे आणि शेजारी शेतात गेले. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी आणि आंबिलाच्या पंगती बसल्या. कुत्रीला बाजेच्या पायाला बांधलेले पाहून पुतण्याने म्हटले, “काका, सावलीगत मागं असते की ती तुमच्या, कुठं जातीय?” आणि साखळी काढली. थोड्या वेळाने शेजारच्या धुऱ्यावर कोणीतरी फटाका लावला. कुत्री उभ्या ज्वारीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

यानंतर जे घडले ते दरवेळी असेच घडते. पंधरा-वीस माणसे “राणी, राणी” ओरडत चारी दिशांनी ज्वारीत घुसली. आठ वर्षे दुसऱ्याच नावाला ओ देणाऱ्या कुत्रीच्या दृष्टीने ती अनोळखी माणसांची आरडाओरड करत अंगावर येणारी टोळी होती, त्यामुळे ती आणखी पुढे पळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोन शिवारे ओलांडून एका विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीआड सापडली. मी जुन्या मालकांना फोन करून तिचे पूर्वीचे नाव पक्के केले होते. शेतावरच्या एका वयस्कर बाईंनी बाकीच्यांना लांब थांबवले, स्वतः तिच्याकडे पाठ करून बांधावर बसल्या, भाकरीचे तुकडे मागे टाकत राहिल्या आणि अधूनमधून हळू आवाजात ते जुने नाव घेत राहिल्या. कुत्री आपल्या पायांनी त्यांच्यापर्यंत आली.

म्हणून माझा परिपाठ असा आहे की पहिले तीन महिने फाटकाबाहेर साखळी हातातच असावी, आणि फाटकाची खालची फट विटांनी बुजवावी. कारवान किंवा पश्मी जातीच्या कुत्र्याचे डोके निमुळते असल्याने साधा पट्टा मागे ओढताच डोक्यावरून निघून येतो. त्यांना छातीवरून येणारा हार्नेस घालावा. पट्ट्यावर मोबाइल क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. नाव बदलायचेच असेल तर काही आठवडे जुने आणि नवे नाव जोडून हाक मारावी. कुत्रा सुटलाच तर त्याच्या मागे धावू नये. मुलांना नवे नाव ठेवण्याची घाई असते हे मला समजते, परंतु मोठ्या माणसांनीही तीच घाई करावी याचे नवल वाटते.

याच जातींच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट. त्यांच्या शेवटच्या फासळ्या किंचित दिसणे हे उपासमारीचे लक्षण नसते. दया येऊन त्यांना दूध-भाकरी, बिस्किटे आणि तूप चारून जाड केले की म्हातारपणी सांध्यांवर भार येतो आणि मग तेच लोक “उठवत नाही हो याला” म्हणून विचारायला येतात.

“वय झालंय, चालायचंच”

या वाक्याने जितके कुत्रे दगावतात तितके म्हातारपणाने दगावत नसावेत, असे माझे मत आहे. कुत्रा मलूल झाला, जेवण सोडले, लंगडू लागला, की कारण म्हणून वय तयारच असते, आणि एकदा ते कारण सांगितले की डॉक्टरांकडे जाण्याचे कष्ट वाचतात.

लातुरातील एका घराने साधारण नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर मिश्रणाचा कुत्रा नेला होता. काही दिवसांनी तो मागच्या पायांनी अवघडून चालू लागला. घरच्यांनी वयाचा दोष मानला आणि मेडिकलमधून आणलेली, स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी पेढ्यात घालून त्याला दिली. आराम पडेना म्हणून सलग काही दिवस देत राहिले. मला बोलावले तेव्हा तो काळी, डांबरट शी करत होता. मी त्याचा वरचा ओठ उचलला तर हिरडी गुलाबीऐवजी पांढुरकी होती. ती बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा, तो रेंगाळत होता. कानाच्या आत आणि पुढच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या बसलेल्या होत्या. रक्त तपासले तेव्हा गोचीड ताप निघाला, प्लेटलेट्स फारच कमी होत्या. सांधे दुखत होते ते त्या तापाने, आणि रक्त गोठण्याची क्षमता आधीच घटलेल्या त्या जिवाच्या जठराला माणसांच्या गोळीने जखमा केल्या होत्या. सलाइन आणि औषधांवर तो वाचला.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटॅमॉल यांपैकी काहीही कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नये. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके मिळतात, पण तीही रक्ततपासणी करून, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिली तरच. गोचीड तापाला सहसा डॉक्सिसायक्लिन देतात आणि ते साधारण 4 आठवडे चालते. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला की औषध बंद करणारी घरे मी इतकी पाहिली आहेत की आता सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवायला सांगते आणि ती स्वतः मोजते. काहींना ते अपमानास्पद वाटते, त्याला माझा इलाज नाही.

गोचिड्यांवर जळके ऑइल, रॉकेल किंवा गोठ्यातले जनावरांचे औषध अंदाजाने चोळणे हाही आपल्याकडचा लाडका जवळचा मार्ग आहे. गाईम्हशींसाठीचे औषध कुत्र्याच्या वजनाला भारी पडते आणि तो अंग चाटत असल्यामुळे ते पोटातही जाते. कुत्र्यांसाठीचे औषध वापरावे आणि गोचिड्या भिंतीच्या फटींत व अंथरुणात अंडी घालत असल्याने तीही जागा साफ करावी. नुसता कुत्रा धुऊन काही होत नाही.

वयाच्या माथी मारल्या जाणाऱ्या गोष्टींत तहान ही दुसरी मोठी गोष्ट आहे. कुत्रा एकाएकी भरपूर पाणी पिऊ लागला तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो, आणि नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत अशी पाणी पिऊ लागली तर गर्भाशयात पू झाल्याची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. किलोमागे दिवसाला 100 मिलीलीटरहून जास्त, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याने 2 लीटरच्या वर पाणी रोज पिणे हे तपासणीचे कारण आहे. मी भांडे नेहमी एकाच तांब्याने भरते आणि तांबे मोजते. ज्या लातुरात 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाणी मोजायला कोणाला शिकवावे लागू नये. पण पाणी जास्त पितो, घरात लघवी करतो म्हणून भांडेच उचलून ठेवणारेही भेटतात. तो प्रकार क्रूर आहे.

जेवण सोडलेल्या कुत्र्याचे दात आधी पाहावेत. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन खाली टाकणारा कुत्रा रुसलेला नसतो, त्याची दाढ दुखत असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. आल्या दिवशी आंघोळ घालू नये. शेजारपाजाऱ्यांना पाहायला बोलावू नये. जेवणात बदल आठवडाभरात हळूहळू करावा. कांदा-लसूण घातलेली उरलेली आमटी त्याच्या भाकरीवर ओतू नये. डोळ्यांत निळसर झाक दिसली म्हणजे मोतीबिंदूच झाला असे नाही, वयाने भिंगाला तशी झाक येते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. कमी ऐकू येणाऱ्या कुत्र्याला झोपेत मागून हात लावू नये. जमिनीवर पाय आपटून त्याला हादरा जाणवू द्यावा. गुळगुळीत फरशीवर त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर पोती किंवा जुनी सतरंजी अंथरावी. लसीचे कार्ड नसेल तर रेबीजची लस पुन्हा द्यावी. चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा फिरायला सूर्योदयापूर्वी न्यावे. उशिरा उठण्याची सवय सोडणे शक्य नसेल तर कुत्रा घेऊच नये. गावात नीट तपासणीची सोय नसेल तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे कुत्र्याला न्यावे.

आणि सर्व करूनही जमले नाही, घरात कोणाला दम्याचा त्रास निघाला किंवा बदली झाली, तर ज्याच्याकडून कुत्रा आणला त्याला फोन करून परत द्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि मी कोणाला बोलही लावत नाही. रात्री गाडीत घालून एमआयडीसीच्या रस्त्याला सोडून येणे हा मात्र 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि बिल्ल्यावरचा क्रमांक काढायला अशी माणसे बहुधा विसरतात.