वर्णपटावरून ताऱ्याचा वर्ग कसा ठरवावा

ताऱ्याचा वर्ग त्याच्या रंगावरून ओळखावा, हा सल्ला जितका लोकप्रिय तितकाच कुचकामी आहे. वाटेतल्या आंतरतारकीय धुळीमुळे अतितप्त ताराही तांबूस दिसू शकतो. त्याच्या वर्णपटातील शोषणरेषांचा (अणूंनी प्रकाश शोषल्याने दिसणाऱ्या काळ्या रेषांचा) प्रकार मात्र धुळीने बदलत नाही. म्हणून थेट वर्णपट घ्यावा. तो तरंगलांबीनुसार जुळवून घेतलेला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

ताऱ्यांचे वर्ग तप्ताकडून थंडाकडे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे लावतात. आधी या क्रमाची टोके तपासावीत. टायटॅनियम ऑक्साइडचे ठळक पट्टे असतील, तर तारा एम वर्गाचा. आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमच्या रेषा असतील, तर ओ वर्गाचा. धातूंच्या रेषांची दाटी आणि हायड्रोजन क्षीण असेल, तर जी किंवा के.

खरी अडचण बी, ए आणि एफ या वर्गांत येते, आणि माझीही गाडी बराच काळ येथेच अडली होती. हायड्रोजनच्या बामर रेषा ए वर्गाच्या आरंभी सर्वांत ठळक असतात आणि तेथून दोन्ही बाजूंना फिकट होत जातात. थंड ताऱ्यात फारच थोड्या अणूंचे इलेक्ट्रॉन या रेषांसाठी लागणाऱ्या दुसऱ्या ऊर्जापातळीवर पोहोचतात, तर फार तप्त ताऱ्यात हायड्रोजनचे अणूच आयनीभूत झालेले असतात. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणातून हा चढउतार उलगडतो. परिणामी, मध्यम ठळक हायड्रोजन पाहून तारा बी वर्गाचा की एफ वर्गाचा, हे सांगता येत नाही. केवळ हायड्रोजन मोजून वर्ग लावणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

निवाडा दोन साक्षीदारांकडून घ्यावा. ४४७.१ नॅनोमीटरजवळ उदासीन (आयनीभूत न झालेल्या) हेलियमची रेषा असेल, तर तारा बी वर्गाचा. ती नसेल, तर ३९३.४ नॅनोमीटरवरील कॅल्शियमची 'के' रेषा पाहावी (या 'के'चा के वर्गाशी काहीही संबंध नाही). अभिजितसारख्या ए० (ए वर्गाच्या अगदी आरंभीच्या) ताऱ्यात ती बारीक असते आणि एफ वर्गाकडे जाताना भराभर गडद होते. तिच्या शेजारची 'एच' रेषा मात्र मुळीच वापरू नये, कारण हायड्रोजनची एक रेषा तिच्यात मिसळलेली असते. दूरच्या बी ताऱ्यांत आणखी एक फसवणूक संभवते: वाटेतल्या वायूतील कॅल्शियममुळे अतिशय अरुंद 'के' रेषा उमटते, आणि ती ताऱ्याची नसतेच.

यानंतर दीप्तिवर्ग, म्हणजे तारा सामान्य, राक्षसी की महाराक्षसी, हे ठरवावे. तप्त ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषांची रुंदी पाहावी: अभिजितच्या दाट वातावरणात त्या रुंद असतात, तर डेनेब या महाराक्षसी ताऱ्याच्या विरळ वातावरणात अरुंद. थंड ताऱ्यांना हा निकष लावू नये; तेथे ४०७.८ नॅनोमीटरवरील आयनीभूत स्ट्रॉन्शियम राक्षसी ताऱ्यांत अधिक ठळक होते.

हेलियम आणि टायटॅनियम ऑक्साइड एकाच वर्णपटात आढळले, तर एकच वर्ग देण्याची घाई करू नये. बहुधा तेथे एकमेकांजवळ दोन तारे असतात.