गाडीचा हॉर्न घरीच कसा बदलावा

दोन पावसाळ्यांपूर्वी आंबा घाट चढताना माझ्या गाडीचा हॉर्न बसला. ‘हॉर्न वाजवा’ अशी पाटी असलेल्या वळणावर मी स्टिअरिंग दाबतोय आणि आवाज शून्य. घरी आल्यावर नवा हॉर्न आणला, अर्धा रविवार घालवून बसवला, बटण दाबलं. पुन्हा शांतता. शेवटी कळलं की उंदराने कुरतडलेली वायर बॉडीला टेकून फ्यूज उडाला होता. जुना हॉर्न ठणठणीत होता! म्हणून पाना हातात घ्यायच्या आधीच्या दहा मिनिटांवर या लेखात मी जरा जास्तच बोलणार आहे.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवरचं बटण थेट हॉर्न वाजवत नाही. ते फक्त रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचला, इशारा देतं. रिले बॅटरीचा मोठा करंट हॉर्नकडे सोडतो आणि वाटेत एक फ्यूज असतो. या साखळीतली कोणतीही कडी तुटली तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं, आवाज नाही.

घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला बसवा आणि तुम्ही फ्यूज बॉक्सजवळ कान द्या. हॉर्नचा रिले कोणता, फ्यूज कोणता, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आधी फ्यूज काढून उजेडात धरा. आतली तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. सहसा तो १० किंवा १५चा असतो. त्यापेक्षा मोठा घालू नका, तार तर नकोच नको. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे, ती शोधा.

फ्यूज चांगला आहे, पण बटण दाबल्यावर रिलेची ‘टक’ ऐकू येत नाही? त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले काढून तिथे लावून बघा. हॉर्न वाजला तर शंभर-दोनशे रुपयांत काम झालं. ‘टक’ येते पण आवाज नाही, असं असेल तर दोष पुढे आहे, म्हणजे वायर, अर्थिंग (बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसला असलेली जोडणी) किंवा हॉर्न.

हॉर्नसोबत स्टिअरिंगवरची गाण्याची बटणंही बंद पडली असतील आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल, तर स्टिअरिंगखालची गुंडाळी केबल तुटलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे घरी हात घालू नका. स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅग असते, ती उडाली तर तोंडावरच उडते. हे काम गॅरेजचं.

आवाज येतो पण पिपाणीसारखा, असाही एक प्रकार असतो. बऱ्याच गाड्यांत दोन हॉर्न असतात, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक आवाजाचा. त्यातला जाड आवाजाचा गेला की उरलेला चिरका वाटतो. अशा वेळी मेलेला तेवढा बदलला तरी चालतं, पण मी जोडीच बदलतो. नव्या-जुन्याचा सूर जमत नाही.

हॉर्नच गेला आहे याची खात्री

हॉर्न सहसा पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या समोर किंवा बंपरच्या आत कोपऱ्यात असतो. बोनेट उघडून वरून हात पोचत असेल तर उत्तम. नाहीतर जाळीच्या वरच्या बाजूचे प्लास्टिकचे खिळे काढावे लागतात. त्यांचं मधलं टोक आधी वर उचला, मग आख्खा खिळा निघतो. थेट पकडीने ओढला की तुटतो, म्हणून दोन-चार जास्तीचे आणून ठेवा. बंपर काढावा लागणाऱ्या गाड्याही आहेत. तिथे मजुरी देणं परवडतं, हे माझं मत.

हॉर्नचा कपलर (वायरीच्या टोकाचा प्लग) काढून त्यात टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट तपासायचा छोटा दिवा, लावा आणि बटण दाबायला सांगा. दिवा लागला म्हणजे करंट येतोय. आता हॉर्न बॅटरीवरच वाजवून बघा. दोन वायरी घ्या, प्लसच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज ठेवा. आधी बॅटरीकडची टोकं पक्की लावा आणि शेवटचा स्पर्श हॉर्नकडे करा, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडेल. कानात कापूस घाला. हातभर अंतरावर हा आवाज कानठळ्या बसवतो.

इथेही वाजला नाही, तर हॉर्न गेला.

नवा घेताना

दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, शक्यतो जुना हॉर्न काढूनच न्या. १२ व्होल्टचा, तेवढ्याच करंटचा, जमल्यास तोच कपलर असलेला घ्या. कपलर वेगळा असेल तर जोड-वायर मिळते. कंपनीची वायरिंग कापू नका. वॉरंटीत वाद होतो आणि पाणीही शिरतं.

एकामागोमाग वेगवेगळे सूर काढणारे, गाणी वाजवणारे किंवा कर्कश प्रेशर हॉर्न बसवायचे नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ नुसार ते चालत नाहीत. विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’सुद्धा महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंद केलं, तरी ट्रक अजून तेच सांगत फिरतात.

बसवणी

गाडी बंद करा, किल्ली काढा. दहाच्या पान्याने बॅटरीचा मायनस आधी सोडवा. पुढचा भाग गार होईपर्यंत थांबा. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फिरतो.

जुना कपलर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मग हॉर्नच्या पट्टीचा बोल्ट सोडवा. गंजलेला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पाच मिनिटं चहा घ्या. जोर लावून बोल्ट तुटला तर रविवार गेलाच म्हणून समजा.

पट्टी ही गोष्ट लोक दुर्लक्षतात. ती लवचीक असते आणि हॉर्नने तिच्यावर मोकळं थरथरलं पाहिजे. पट्टी काढून हॉर्न सरळ बॉडीला आवळला, किंवा त्याची कड जाळीला टेकली, तर चांगला हॉर्नही घसा बसल्यासारखा वाजतो. चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा. शंखासारखा हॉर्न असेल तर तोंड खाली ठेवा. वर ठेवला की पहिल्याच पावसात त्याचा तांब्या होतो.

आता वायरी. जुन्या हॉर्नला एकच वायर असेल तर घाबरू नका. त्याचं अर्थिंग पट्टीतून बॉडीला मिळत होतं. नव्याला दोन पिन असतील तर आलेली वायर एका पिनला लावा आणि दुसरीपासून छोटी काळी वायर जवळच्या बॉडीच्या बोल्टला न्या. त्या जागेचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा करा, आवळल्यावर वरून थोडं ग्रीस लावा. साध्या तबकडी हॉर्नला प्लस-मायनसचा भेद नसतो. इलेक्ट्रॉनिक किंवा हवेच्या हॉर्नला असतो, तिथे खुणा पाहा.

जुन्या गाडीत रिलेच नसेल, किंवा एकाच्या जागी दोन हॉर्न लावत असाल, तर वेगळा रिले घालाच. बॅटरीच्या प्लसपासून जवळच १५ अँपिअरचा फ्यूज घेऊन जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला लावा. ८७ नंबर नव्या हॉर्नला. हॉर्नकडे पूर्वी येणारी प्लस वायर ८६ ला, आणि ८५ बॉडीला. हे न करता दोन हॉर्न जुन्या बारीक वायरीवर लटकवले की काही महिन्यांत बटणाचे पॉइंट जळतात. बाहेर राहिलेल्या सगळ्या वायरींवर नालीदार प्लास्टिक पाइप चढवा आणि गरम भागांपासून, पंख्यापासून लांब क्लिपने बांधा.

बॅटरीचा मायनस जोडा आणि बटण दाबा. एकदा साधं, एकदा स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवून. मग जाळीवर बादलीभर पाणी ओतून पुन्हा वाजवा, आणि तेव्हाच जाळीचे खिळे परत बसवा. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ शून्यावर आलेलं असेल आणि काही गाड्यांत खिडकीची ऑटो काचही विसरलेली असेल. ती कशी शिकवायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं.