पोषण आहाराची तपासणी: नव्या प्रभारींसाठी

शाळेचा पोषण आहार तपासणारं पथक आलं की आधी ऑफिसात बसेल, चहा होईल, मग दफ्तर मागेल, अशी नव्या प्रभारी शिक्षकाची समजूत असते. बऱ्याचदा पथक थेट कोठीकडे वळतं आणि पहिला प्रश्न येतो, "काटा कुठाय?" काटा बंद असेल, किंवा त्यावर धूळ बसलेली असेल, तर पुढची सगळी कागदपत्रं संशयानेच बघितली जातात. म्हणून तयारी काट्यापासून करायची. पन्नास किलोचं पोतं तोलेल असा एक, आणि डाळ-मसाल्यासाठी ग्रॅम दाखवणारा एक छोटा. दोन्ही रोज वापरात हवेत.

माल उतरवून घेताना घाई नडते. ट्रक दुपारी येतो, चालकाला पुढच्या चार शाळा करायच्या असतात, तो पावतीवर सही मागतो. एकच पोतं तोलून बाकीची मोजून घेतली की फसलंच. तांदळाचं पोतं पन्नास किलो भरतं ते निव्वळ वजनाला. तागाचं बारदानच अर्ध्या किलोच्या वर असतं, तेव्हा काट्यावर नेमके पन्नास दिसले तर तांदूळ कमीच आहे. वीस पोत्यांत पोत्यामागे सातशे ग्रॅम कमी आले तर चौदा किलोंचा खड्डा तुमच्या नावावर पडतो. प्रत्येक पोतं तोलायचं, कमी भरलं तर पावतीवरच प्रत्यक्ष वजन लिहून मग सही करायची आणि तोच आकडा त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवायचा. नंतर अर्ज करून हा फरक भरून निघत नाही.

आता रोजचा हिशेब. पहिली ते पाचवीसाठी मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५०, ३०, ७५ आणि साडेसात. नीट बघितलं तर वरचा गट सगळ्यातच दीडपट आहे. म्हणून आठवीपर्यंतच्या शाळेत वाट्यांनी हिशेब करावा. लहान मुलाचा एक वाटा, मोठ्याचा दीड. समजा आज जेवणारे लहान ८४ आणि मोठे ४६ आहेत. वाटे झाले ८४ अधिक ६९, म्हणजे १५३. तांदूळ १५ किलो ३०० ग्रॅम, डाळ ३ किलो ६० ग्रॅम, भाजी ७ किलो ६५० ग्रॅम, तेल ७६५ ग्रॅम. कॅल्क्युलेटर न काढताही जमतं. पथकातल्या कुणी अचानक विचारलं तर स्वयंपाकी ताईंनाही सांगता येतं. खिचडी शिजल्यावर एकदा भरलेलं पातेलं तोलून, रिकाम्याचं वजन वजा करून १५३ने भागा. समजा ६२ किलो भरली, तर एक वाटा साधारण ४०५ ग्रॅम. तेवढी खिचडी किती पळ्यांत बसते ते बघून ठेवा. वाढताना हात आखडतो की सैल सुटतो ते तिथे कळतं.

तेलाचा एक घोळ जवळजवळ सगळीकडे सापडतो. प्रमाण ग्रॅममध्ये आहे आणि पिशवी येते लिटरची. एक लिटर तेलाचं वजन असतं ९१० ग्रॅमच्या आसपास. आवक लिटरमध्ये चढवली, खर्च ग्रॅममध्ये टाकला आणि एक लिटर म्हणजे एक किलो धरलं, तर वरच्या शाळेत दोनशे दिवसांत १५३ किलो तेल लागतं, म्हणजे १६८ लिटर. पंधरा लिटरचा फरक. वहीत शिल्लक दिसते आणि कोठीत पिशवी नसते. चोरी कुणीच केलेली नसते, पण शेरा तसाच पडतो. आवकीच्या रकान्यातच लिटरशेजारी किलो लिहिण्याची सवय लावून घ्या.

तपासणीचा खरा गाभा तीन आकड्यांत आहे: हजेरीपटावरची उपस्थिती, लाभार्थी नोंदवहीतली जेवणाऱ्यांची संख्या आणि त्या दिवशी ऑनलाइन भरलेली संख्या. दुसरी आणि तिसरी एकच हवी. पहिली थोडी जास्त असू शकते आणि बऱ्याचदा असतेच. श्रावणी सोमवारी काही मुलांचा उपास असतो, रमजानमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत वरच्या वर्गातली मुलं रोजा धरतात. उलट, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत सोलापूर शहरात हजेरीच रोडावते. पालखीच्या वाटेवर, माळशिरस-पंढरपूर पट्ट्यात, आषाढीच्या आधीचे चार दिवस तसेच. या दिवसांतही वहीत १३०, १३०, १३० असाच आकडा चालत आला असेल तर मुरलेला अधिकारी तेच पान उघडून बसतो. सरळसोट आकडे त्याला आधी दिसतात. खालीवर होणारी, कारण सांगणारी वही त्याला खरी वाटते, आणि ती खरी असतेही.

संख्या घ्यायची केव्हा, हाही प्रश्न आहे. परिपाठानंतर वर्गनिहाय गिनती घेऊन ती चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते, त्यावर माल काढला जातो. जेवताना ताटं मोजली की खरा आकडा मिळतो, आणि वहीत तोच जातो. ऑनलाइन नोंद सकाळच्या गिनतीवर भरून टाकणारे इथे सापडतात. गावात रेंज नसली तर कागदावर वेळ घालून आकडा लिहून ठेवा आणि त्याच दिवशी रेंज मिळाली की भरा. आठवड्याची एकदम भरलेली नोंद पोर्टलवर तारीख-वेळेसकट दिसते.

ऊसतोडीचा हंगाम लागला की कारखान्याच्या आसपासच्या शाळांत बाहेरगावची मुलं येतात. ती उपाशी बसत नाहीत, बसूही नयेत. पण आधी त्यांची हजेरीपटावर नोंद, मग लाभार्थी संख्येत. पटापेक्षा जेवणारे जास्त, हे गणित कोणताही लेखापरीक्षक मान्य करत नाही.

कोठीत पोती भिंतीपासून हातभर लांब आणि लाकडी फळ्यांवर ठेवायची, पोत्यावर आल्याची तारीख खडूने टाकायची आणि जुनं आधी वापरायचं. पावसाळ्यात सोंडे लागतातच. लागलेला तांदूळ झाकून ठेवण्यापेक्षा चाळून, निवडून, किती निघाला ते लिहून ठेवा. हळद-मिरचीच्या पाकिटांवरची मुदत बघा. तळाशी दबलेलं मुदत संपलेलं एक पाकीट पथकाच्या हाती हमखास लागतं. फोर्टिफाइड तांदळाबद्दल ताईंना आधीच समजावून सांगा. शंभर दाण्यांत एखादा दाणा जरा वेगळा, पिवळसर दिसतो आणि कधीकधी धुताना तरंगतो. त्याला 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकलं जातं, आणि ज्यासाठी तो घातला आहे ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मोरीत जातं. तांदूळ एकदा-दोनदा हलक्या हाताने धुवावा, चोळू नये.

भाजीपाल्याची बिलं हे दुखणं वेगळं. आठवडी बाजारात भाजीवाली पावती देत नाही. मग महिन्याच्या शेवटी एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने लिहिलेली वीस बिलं तयार होतात आणि ती ओळखू येतात. त्यापेक्षा साध्या कागदावर तारीख, भाजी, वजन, दर, रक्कम आणि विकणारीची सही किंवा अंगठा घ्या. वजन त्या दिवसाच्या वाट्यांशी जुळलं पाहिजे. ७ किलो ६५० ग्रॅम भाजी लागते आणि बिल तीन किलोचं, तर मुलांच्या ताटात भाजी नव्हती असाच अर्थ निघतो. सिलिंडर लावल्याची तारीखही वहीत हवी. किती जेवणांना किती सिलिंडर लागले हे ताडून बघणारे अधिकारी असतात.

स्वयंपाकघरातल्या एका गोष्टीवर आम्ही थोडं जास्त बोलणार. १६ जुलै २०१३ला बिहारमधल्या छपऱ्याजवळ शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक मिसळलं होतं. आपल्याकडे सांगोला-पंढरपूर भागात डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा आहेत, घरोघरी औषधाचे रिकामे कॅन आहेत, आणि चांगला, झाकणाचा कॅन म्हणून तो शाळेत पाण्याला किंवा तेलाला येतो. कितीही धुतला तरी चालत नाही. कोठीत, मोरीत, टाकीजवळ असा एकही डबा दिसता कामा नये. झाडांना मारायचं औषधही वेगळ्या, कुलपाच्या खोलीत. त्या घटनेनंतर चव घेण्याच्या नियमाकडे कसून बघितलं जाऊ लागलं. मुलांना वाढण्याआधी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवून बघायचं आणि चव नोंदवहीत वेळेसकट सही करायची. चव ११:४० आणि वाढप ११:४० असं लिहू नका. पालकांपैकी कुणीतरी आठवड्यातून एकदा तरी चवीला यावं. 'चव उत्तम' हेच दोन शब्द दोनशे दिवस लिहिलेली वही काहीच सांगत नाही. 'मीठ कमी, नंतर घातलं' अशी एक ओळ जास्त बोलते. शिजलेल्या अन्नाचा नमुना स्वच्छ, झाकणाच्या डब्यात तारीख टाकून चोवीस तास ठेवावा.

पाणी टँकरचं असो वा नळाचं, टाकी कधी धुतली ते टाकीवरच रंगवा आणि ग्रामपंचायतीकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन आहे का ते बघणारी चाचणी, करून घेऊन नोंद ठेवा.

पथक ताईंशी आणि मुलांशी स्वतंत्र बोलतं. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात ताई कन्नड बोलणाऱ्या असतात, शहरात तेलुगू. शिक्षकाने मध्येच उत्तर दिलं की पथकाला ते खटकतं. ताईंना उत्तरं पाठ करायला लावू नका. रोज तांदूळ त्यांच्याच हातून, त्यांच्यासमोर तोलला गेला तर त्या आपल्या भाषेत बरोबर सांगतात. मुलांना हमखास विचारतात, "काल काय होतं?" फलकावर मटकीची उसळ आणि मुलं म्हणतात खिचडी, असं झालं तर? बदल झाला असेल तर फलकावर त्याच दिवशी बदलायला हवा होता, कारणही वहीत.

जेवण शिजलंच नाही असे दिवस येतात. माल आला नाही, ताई आजारी, पाणी नाही. ते दिवस लपवू नयेत. २०१५च्या मध्यान्ह भोजन नियमांप्रमाणे सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार मिळाला नाही तर जबाबदारी निश्चित करायची असते, आणि न मिळालेल्या जेवणाचा अन्न सुरक्षा भत्ता मुलांना देय होतो. माल संपत आल्याचं पत्र पंचायत समितीला आधी गेलं असेल आणि त्याची पोच तुमच्याकडे असेल, तर जबाबदारी सहसा तुमच्यावर येत नाही. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी उन्हाळी सुटीतही आहार चालतो. त्या सुटीतल्या नोंदी सुट्या कागदांवर राहतात आणि जूनमध्ये सापडत नाहीत. मुख्य वहीतच पुढची पानं वापरा.

पथकाने शेरा लिहिला की सही करण्यापूर्वी वाचा. शिल्लक मोजताना पोतं चुकलं असेल तर तिथेच परत तोलायला सांगा, संकोच नको. मागच्या भेटीच्या शेऱ्यांखाली काय केलं ते तारखेसह लिहिलेलं असावं, कारण पुढचं पथक ते पान आधी वाचतं. अनुपालन अहवालात प्रत्येक आक्षेपासमोर वहीचं नाव, पान क्रमांक आणि छायाप्रत जोडा. 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' एवढंच लिहून पाठवलेला आक्षेप पुढच्या वर्षी तसाच, वसुलीच्या रकमेसकट परत येतो.