हॅम रेडिओची फ्रिक्वेन्सी घरच्या घरी कशी मोजावी आणि जुळवावी

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, पडद्यावर १४.०७४.००० (१४.०७४ मेगाहर्ट्झ) दिसले म्हणजे आपण नेमके तिथेच आहोत, असे धरून चालू नका. ते आकडे आतल्या एका क्रिस्टलच्या (ठरावीक वेगाने थरथरणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्याच्या) भरवशावर असतात आणि क्रिस्टल उष्णतेने सरकतो, वयानेही सरकतो. ही चूक पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, अशी मोजतात. एक पीपीएम म्हणजे १० मेगाहर्ट्झवर १० हर्ट्झ, तर १४५ मेगाहर्ट्झवर १४५ हर्ट्झ. गप्पांपुरते ते खपून जाते. दुबळे डिजिटल सिग्नल पकडताना आणि बँडच्या, म्हणजे हॅमना मोकळ्या असलेल्या पट्ट्याच्या, कडेला मात्र नाही. भारतात २० मीटरचा बँड १४.३५० मेगाहर्ट्झला संपतो आणि यूएसबीतला (अप्पर साइडबँड, संगणकाचे यूएसबी नव्हे) आवाज डायलच्या, म्हणजे पडद्यावरच्या आकड्याच्या, वर जवळजवळ तीन किलोहर्ट्झ पसरतो. कडेला बोलायचे तर आपला डायल किती खरा आहे हे माहीत हवेच.

मोजायचे तर आधी भरवशाचे माप हवे. आकाशवाणीची मध्यम लहर पहिल्यांदा आठवते, पण या कामाला ती पुरी पडत नाही. मध्यम लहरीच्या केंद्रांना १० हर्ट्झपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा असते. पणजीच्या १२८७ किलोहर्ट्झवर तेवढी चूक साडेसात पीपीएमहून जास्त भरते. आपल्याला हवीत प्रमाणवेळ सांगणारी केंद्रे, कारण त्यांच्या लहरी अणुघड्याळाला बांधलेल्या असतात. गोव्यातून उपयोगी पडतील अशी दोन आहेत. एक चीनचे बीपीएम: ५ आणि १० मेगाहर्ट्झवर दिवसरात्र, १५ वर आपल्या घड्याळाने सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच. दुसरे मॉस्कोचे आरडब्ल्यूएम: ४.९९६, ९.९९६ आणि १४.९९६ मेगाहर्ट्झ.

दोन्ही केंद्रे काही मिनिटे टिकटिक बंद ठेवून नुसती कोरी लहर सोडतात. मोजायला तीच वेळ उत्तम. बीपीएमची कोरी लहर दर तासाच्या १० ते १५ आणि ४० ते ४५ मिनिटांना असते, आरडब्ल्यूएमची तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यापासून पुढे जवळजवळ आठ मिनिटे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असली तरी दोन्ही वेळापत्रके दर अर्ध्या तासाने तशीच फिरतात, म्हणून मिनिटे आपल्या घड्याळावरही तीच राहतात.

मोजायला बसण्याआधी रेडिओ निदान अर्धा तास चालू ठेवा. पंख्याचा झोत थेट त्याच्यावर नको. मेमधली दुपार आणि आषाढातली पहाट यांत क्रिस्टलची चाल वेगळी पडते, म्हणून खोलीचे तापमान वहीत टिपा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर बंद करा. फोंड्याकडे संध्याकाळी वीज जाते तेव्हा बहुतेक जण वैतागतात. तुम्ही मात्र रेडिओ बॅटरीवर लावा आणि बसा, कारण आसपासची सगळी खरखर तेवढ्यापुरती गप्प झालेली असते. गडगडाट ऐकू आला तर काम थांबवून अँटेना काढून ठेवा. मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांशी खेळू नये.

आता प्रत्यक्ष मोजणी. आरआयटी (नुसते ऐकणे थोडे सरकवणारे बटण) शून्यावर आणा, यूएसबी लावा आणि डायल ९.९९९.००० वर ठेवा, म्हणजे १० मेगाहर्ट्झच्या एक किलोहर्ट्झ खाली. रेडिओ अचूक असेल तर १००० हर्ट्झची शिटी ऐकू येईल. रेडिओचा आवाज संगणकात घ्या आणि एफएल-डिजी किंवा डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्रॅमने त्या शिटीचा आकडा वाचा. समजा १००७ आला. म्हणजे डायल दाखवतो त्यापेक्षा रेडिओ ७ हर्ट्झ खाली ऐकतोय. १० मेगाहर्ट्झवर ७ हर्ट्झ म्हणजे ०.७ पीपीएम. दोन मीटरच्या बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) हीच चूक शंभर हर्ट्झच्या घरात जाते.

एका आकड्यावर समाधान मानू नका. आयनोस्फिअरचा (लहरी परतवणाऱ्या उंच वातावरणाचा) थर वरखाली झाला की वाटेची लांबी बदलते आणि लहर अर्धा-एक हर्ट्झ हलल्यासारखी दिसते. सूर्योदय-सूर्यास्ताला हे जास्त होते. बीपीएमच्या वाटेचा मधला भाग ईशान्य भारताच्या आसपास पडतो आणि तिथे दिवस आपल्याआधी साधारण तासभर मावळतो. तेव्हा तिथली संध्याकाळही टाळा. रात्र चांगली चढल्यावर पाच-पाच मिनिटांची सरासरी काढली तर ०.१ पीपीएमपर्यंत पोहोचता येते.

मग ५ मेगाहर्ट्झवर, आणि दिवसा १५ वरही, हेच करा. चूक फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढत असेल तर दोष मुख्य क्रिस्टलचा. सगळीकडे तेवढेच हर्ट्झ येत असतील तर बीएफओ (यूएसबीचा आवाज ऐकू यावा म्हणून सेटमध्ये असलेला वेगळा ऑसिलेटर) सरकलाय. बिटएक्ससारख्या हाताने जुळवलेल्या सेटमध्ये दोन्ही चुका एकत्र सापडू शकतात, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर मोजून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

दुरुस्ती तयार सेटमध्ये मेनूतल्या रेफरन्स अ‍ॅडजस्टने होते. ट्रिमर (क्रिस्टल जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवायचा असेल तर प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या, झाकण लावा आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण झाकणाखालचे तापमान वेगळे असते. सेट उघडायचा नसेल तर डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये मोजून निघालेल्या चुकीचे आकडे भरता येतात.

फ्रिक्वेन्सी काउंटर असला तरी त्याच्या आत क्रिस्टलच आहे, त्यालाही आधी तपासा. ट्रान्समीटर मोजताना अँटेनाऐवजी डमी लोड (ताकद जिरवणारा रोध) लावा आणि काउंटर कधीही थेट जोडू नका. मध्ये सिग्नल पुरेसा कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर नसेल तर काउंटर जळतो.

याहून काटेकोर काम हवे असेल तर जीपीएसकडे वळा. यू-ब्लॉक्सच्या निओ-७एम मॉड्यूलमधून थेट ठरावीक फ्रिक्वेन्सी काढता येते. १० ऐवजी ८ मेगाहर्ट्झ काढा. आतले घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचे असते, त्याला ८ ने पूर्ण भाग जातो आणि सिग्नल स्वच्छ येतो. कौलारू घरात हे मॉड्यूल कौलांखालीही उपग्रह पकडते. स्लॅबखाली राहणाऱ्यांनी त्याची अँटेना खिडकीबाहेर, मोकळे आकाश दिसेल अशी ठेवावी.