घाटात ब्रेक ढिले पडतात? भोकांची डिस्क घेण्याआधी हे तपासा

औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक फुसके लागले, की लोक थेट भोकांच्या डिस्कचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीचा, भाव विचारतात. आधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतली ओल ओढतं. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल मुरलेलं १५५ च्या आसपासच. उकळलं की वाफ धरते आणि पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून हवा काढून घ्या. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड, म्हणजे डिस्कला चिमटणारे ब्रेकचे गुटके, तापलेत. तिथे चांगले पॅड कामाला येतात.

डिस्क म्हणाल तर पुढच्या चाकांना कंपनीच्या मापाची, मधून हवा खेळणारी साधी डिस्कच घ्या. भोकांची दिसायला झकास, पण तापून-निवून भोकांच्या कडेला चिरा जातात. शिवाय पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती त्या भोकांत जाऊन बसते. खाचांची डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, पण पॅड लवकर खाते आणि घरघरते. मोठ्या व्यासाची घ्यायची तर कॅलिपरचं (पॅड दाबणाऱ्या पकडीचं) ब्रॅकेट बदलावं लागतं, आणि रिममध्ये जागा हवी ती वेगळीच.

जुनी डिस्क ठेवायची की टाकायची, हे तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीवरून ठरवा. कडेला उरलेला काठ सोडून मायक्रोमीटरने मोजा. बदलायची तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची.

डिस्क बदलताना कॅलिपर काढला की तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. मग हबचा, म्हणजे डिस्क बसते त्या बैठकीचा, गंज वायर ब्रशने पार चकचकीत होईतो घासा. इथेच घाई नडते: गंजाचा एक खडा खाली राहिला तर डिस्क डुगडुगते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागतं. डायल गेज (डगमग मोजायचं काट्याचं माप) असेल तर फिरताना डिस्कची डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत हवी. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, डिझेलने नव्हे. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीस लावा. कॅलिपरमधला पिस्टन मागे दाबताना बॉनेटखालच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल वर येतं. सांडलं तर रंग जातो.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. मग डिस्क आणि पॅड एकमेकांना बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून १५ पर्यंत ८-१० वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता. नंतर ब्रेक न मारता दहा मिनिटं गाडी चालवून डिस्क गार करा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात, तर पॅडचा डाग तिथेच उमटतो.