धायरीतला फ्लॅट भाड्याने देताना: भाचीसाठी लिहिलेला हिशेब

शिवणकामातून साठवलेले पैसे आणि 20 लाखांचं कर्ज घालून मी एप्रिल 2022 मध्ये पुण्यातल्या धायरीत एक जुना वन बीएचके घेतला. भाड्याने द्यायचा म्हणूनच घेतला. आता भाचीलाही तसाच घ्यायचाय. तिच्यासाठी वहीत लिहून काढलेलं इथे देतेय, म्हणजे आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

फ्लॅट बघायला जाताना मोजपट्टी न्या. एजंट सहाशे स्क्वेअर फूट म्हणत होता. दुकानातला टेप माझ्या पर्समध्ये असतोच. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं तर 410 भरले. भाडेकरू राहणार त्या 410 मध्ये, आणि भाडंही तेवढ्याचंच मिळणार. मग वॉचमनशी दहा मिनिटं बोला. मे महिन्यात टँकर किती येतात, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे मागतात, इमारतीत किती फ्लॅट रिकामे पडलेत. एवढी माहिती तुम्हाला दुसरं कुणी देणार नाही.

आता हिशेब. हा मी घेण्याआधी मांडायला हवा होता, मांडला घेतल्यावर. किंमत 42 लाख. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर, म्हणून मुद्रांक शुल्क 7 ऐवजी 6 टक्के, म्हणजे 2 लाख 52 हजार. नोंदणीचे 30 हजार. एकूण 44 लाख 82 हजार. भाडं 14,500. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा जातोच असं धरा, म्हणजे हाती 1,59,500. त्यातून मेंटेनन्स 28,800, मिळकतकर 9,000, एजंटला एका महिन्याचं भाडं 14,500, रंग-प्लंबिंगचे सरासरी 12,000, सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लागणारं शुल्क) 1,800. उरले 93,400. घातलेल्या पैशांवर दोन टक्क्यांच्या जरा वर!

भाड्यातून हप्ता सुटेल असं सगळे सांगतात. माझा सुटला नाही. त्यात मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. माझं कर्ज बदलत्या व्याजदराचं. बँकेने हप्ता तेवढाच ठेवून मुदत लांबवली. म्हणून भाचीला मी एकच अट घातलीय: सहा महिने भाडं आलं नाही तरी हप्ता भरता येईल एवढी रक्कम बाजूला असेल, तरच टोकन (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) द्यायचं.

दोन खर्च नवख्यांच्या लक्षात येत नाहीत. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत देते. भाड्याने दिलं की ती जाते. आधीच्या मालकाची पावती बघून गाफील राहू नका. दुसरं, सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी म्हणून मनाला येईल ती रक्कम मागते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाप्रमाणे ती सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. माझ्याकडे महिना 800 मागितले होते. निर्णयाची प्रत जोडून पत्र दिलं, 150 वर आले.

करारात मात्र मी चुकले. पहिल्या भाडेकरूच्या वेळी एजंट म्हणाला, ‘ताई, स्टँप पेपरवर नोटरी करू, सगळे तसंच करतात.’ मी चाव्या दिल्या. चौथ्या महिन्यात भाडं थांबलं. भाडेकरू म्हणू लागला, ठरलं होतं तीन वर्षांचं. वकिलांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 दाखवलं: लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत हवं, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, खोडून काढायचं तर पुरावा आपण द्यायचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी दोन महिन्यांचं भाडं सोडून देऊन त्याला बाहेर काढलं.

आणि नोंदणीला लागतं काय? करार अकरा महिन्यांचा असेल तर तेवढ्या महिन्यांचं भाडं, त्यात डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी होणारं व्याज मिळवायचं, त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी 1,000. माझ्यासारखीचा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन ऑनलाइन होतं, ऑफिसात जावं लागत नाही. करार नोंदलेला असला आणि मुदत संपूनही कुणी जागा सोडली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहितीही त्याच दिवशी द्या.

आयकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. रंगाचं बिल, एजंटची दलाली वेगळी दाखवता येत नाही. कर्जाचं व्याज वजा होतं, पण त्यातून तोटा दिसत असेल तर जुनी कररचना की नवी, हे सीएला आधी विचारा.

आता माझ्याकडे दोन नर्स मुली राहतात. त्या आल्या त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून मोबाइलवर व्हिडिओ काढला: प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक खिडकी उघडून, गीझर लावून, वीजमीटरचं रीडिंग मोठ्याने वाचून. किल्ल्या किती दिल्या तेही त्यात बोलले. व्हिडिओ तिघींच्याही फोनवर आहे. बाथरूमच्या दाराला खालून पाणी लागून फुगवटा आलाय, तो त्यांच्या आधीचा आहे, हेही मीच त्यात सांगितलंय.