जुलाब, पित्त, बद्धकोष्ठ : पोटाची औषधे घेताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. जुलाब, पित्त आणि बद्धकोष्ठ यांवरची बहुतेक साधी औषधे गुणकारी आहेत. परंतु ती किती पाण्यात, केव्हा आणि किती दिवस घ्यायची, हे ऐकून घेण्याइतकाही वेळ गिऱ्हाईक थांबत नाही. घाई करणाऱ्यांत तरुण अधिक असतात, तरी माझ्या पाहण्यातली सर्वांत गंभीर चूक एका अतिशय मायाळू आजींच्या हातून घडली, आणि तिच्यात माझाही वाटा होता.

पावसाळ्याचे दिवस होते. दीड वर्षाच्या नातवाला सकाळपासून पाण्यासारखे जुलाब होत होते, म्हणून आजी ओआरएसच्या दोन पुड्या घेऊन गेल्या. दुकानात गर्दी असल्याने पाण्याचे प्रमाण मी त्यांना सांगितले नाही. संध्याकाळी मुलाचे वडील धावत आले. पोर दिवसभर पाणी पाणी करत होते आणि आता डोळेही उघडत नव्हते. एक लिटर पाण्यासाठी असलेली अख्खी पुडी आजींनी एका फुलपात्रात कालवून चमच्याने पाजली होती, आणि दुसरीही तशीच. "पातळ केल्यावर गुण कसा येणार, भाऊ?" असे त्यांनी मला नंतर विचारले. मुलाला ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले, कारण रक्तातील सोडियम फार वाढले होते. मूल वाचले, पण तो दिवस मी विसरलेलो नाही.

ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज यांचे प्रमाण मोजून ठरवलेले असते, कारण ग्लुकोजच्या जोडीने मिठातील सोडियम आतड्यात शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात येते. द्रावण फार दाट झाले, तर पाणी उलट शरीरातून आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी मोजून तयार करवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून पाजवून असंख्य जीव वाचवले. त्या यशात प्रमाणाला फार महत्त्व होते. आजींच्या त्या प्रसंगापासून मी दुकानात एक लिटरची रिकामी बाटली ठेवतो, ती दाखवतो आणि प्रत्येक पुडीवर जाड पेनाने पाण्याचे माप लिहितो. २०० मिलिलिटरची लहान पुडीही मिळते, म्हणून माप पुडीवर वाचल्याशिवाय पाणी घेऊ नये. पाणी उकळून गार केलेले असावे, आणि केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. मुलाला उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. जुलाब तत्काळ थांबवणारी गोळी मी लहान मुलासाठी कोणालाही देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

दुसरी चूक पित्ताच्या कॅप्सूलची आहे. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल लोक भरपेट जेवून, करपट ढेकर येऊ लागल्यावर घेतात आणि पंधरा मिनिटांत गुण नाही म्हणून दुसरी मागतात. जठरातील आम्ल स्रवणारी यंत्रणा जेवणाने कार्यरत होते आणि औषध त्या वेळी रक्तात असावे लागते. म्हणून ते न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यायचे असते, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी दिलेली चिठ्ठी घेऊन वर्षानुवर्षे तीच कॅप्सूल नेणाऱ्यांना मी परत डॉक्टरांकडे धाडतो, कारण दीर्घ वापराने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि आपल्याकडील शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते. मात्र ती स्वतःच्या मनाने अचानक बंदही करू नये. आम्ल काही काळ उसळून येते. छातीत दाब, घाम आणि हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ते पित्त समजून सोडा पिणे जीवावर बेतू शकते; अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बद्धकोष्ठावरचे इसबगोल कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर गिळू नये. ते फुगून घशात किंवा आतड्यात अडकू शकते, म्हणून त्यासोबत पेलाभर पाणी हवेच. सोनामुखीचे चूर्ण दोन-चार दिवसांसाठी ठीक आहे, मात्र रोज रात्री डबीत चमचा घालणाऱ्यांची घाई मला पटत नाही. त्याऐवजी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी हळूहळू वाढवावी, पाणी त्याबरोबर वाढवावे, आणि न्याहारीनंतर जी नैसर्गिक भावना होते ती कामाच्या गडबडीत दाबू नये. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर मी स्वतः कटाक्षाने ठेवतो. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या जुलाबावर घेऊ नयेत.

शौचातून रक्त पडणे, शौच डांबरासारखे काळे होणे, वजन आपोआप घटणे, गिळताना अडकणे किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही ऐकले की मी औषध न देता थेट डॉक्टरांकडे पाठवतो.